मोहरी आणि ईडीटीए वापरून मातीतलं शिसं खरंच निघतं का?

अंगणवेल
नमस्कार. एरवी मी नुसती वाचक असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही नुकतेच एका जुन्या घरात राहायला आलो. आधीच्या मालकांनी भिंतींचा रंग वेळोवेळी खरवडला आणि ती खरवड तिथेच खाली पडत गेली, असं शेजारी सांगतात. लेक चार वर्षांची आहे, दिवसभर मातीत खेळते. म्हणून माती तपासून घेतली. एकूण शिसं भिंतीलगतच्या पट्ट्यात किलोमागे ६४० मिलिग्रॅम, परसाच्या मध्यावर १८० आणि कुंपणापाशी ४०. भिंतीलगतचा पट्टा साधारण वीस चौरस मीटरचा आहे.

वाचता वाचता असं दिसलं की तिथे मोहरी पेरायची, ती वाढली की मुळांशी ईडीटीए नावाचं रसायन ओतायचं, मोहरी शिसं ओढून घेते, मग ती उपटून टाकायची. दोन-तीन हंगामांत माती साफ. इतकं सोपं असेल तर मी उद्याच पेरते. कुणी स्वतः केलंय का?

रानपाखरू
वाचतेय. विषय जिव्हाळ्याचा आहे.

सूर्यमुखी
नक्की करा! निसर्गाकडे सगळ्यावर उपाय असतो. मोहरीबरोबर सूर्यफूलही लावा. चेर्नोबिलच्या अपघातानंतर तिथल्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवली होती आणि त्यांच्या मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम शोषून घेतलं होतं. सूर्यफुलाला जे जमलं ते मोहरीलाही जमेल.

खडूफळा
सूर्यमुखी, चेर्नोबिलचं उदाहरण खरं आहे, पण ते पाण्यातलं आहे. पाण्यात धातू विरघळलेलाच असतो, मुळांना तो हाताशी मिळतो. मातीत तो चिकणमातीच्या कणांना, लोहाच्या ऑक्साइडांना, सेंद्रिय पदार्थांना घट्ट धरून बसलेला असतो. फुकुशिमानंतर २०११ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने शेतात सूर्यफुलं लावून पाहिली. मातीतून सीझियम इतकं कमी निघालं की तो उपाय त्यांनी परिणामकारक मानला नाही. फूल तेच, पण एकीकडे पाणी आणि दुसरीकडे माती.

शिसं तर सगळ्यात हट्टी. मातीच्या पाण्यात ते जेमतेम उतरतं. उतरलंच तर मुळांपाशी फॉस्फेटबरोबर साका धरून बसतं, वर पानांत चढत नाही. म्हणून ईडीटीएची कल्पना पुढे आली. ईडीटीए हा चिलेट. ग्रीक भाषेत खेले म्हणजे खेकड्याची नांगी, त्यावरून हा शब्द आला. त्याचा रेणू धातूच्या अणूला सहा ठिकाणी धरतो. शिसं असं पकडीत आलं की ते मातीला चिकटत नाही, साका होत नाही, पाण्याबरोबर वाहतं आणि झाड पाणी ओढतं तेव्हा तेही वर चढतं.

शिसपेन्सिल
अवांतर, पण माझं नाव निघण्याआधी सांगून टाकतो. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बोरोडेलला ग्राफाइटचा साठा सापडला तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलं. अंगणवेलताई, लेकीला खुशाल चित्रं काढू द्या.

गणिती_गोगलगाय
मी माती ओळखत नाही, पण आकडे ओळखतो. एका चौरस मीटरचा हिशोब मांडू.

वरची वीस सेंटिमीटर माती घेतली तर तिचं वजन साधारण २६० किलो. ६४० वरून ४०० वर (अमेरिकेत घराभोवतालच्या मातीसाठी बरीच वर्षं हीच पातळी धरत) यायचं तर किलोमागे २४० मिलिग्रॅम काढायचे, म्हणजे चौरस मीटरमागे ६२ ग्रॅम शिसं. मोहरीचं पीक उत्तम आलं तर चौरस मीटरमागे एक किलो सुका पाला. रसायनाशिवाय त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम शिसं आलं असं उदारपणे धरू. मग ६२ ग्रॅम काढायला बाराशेहून जास्त पिकं लागतात.

ईडीटीए घालून पाल्यातलं प्रमाण १,००० वर नेलं तर दर पिकाला एक ग्रॅम, म्हणजे ६२ पिकं. वर्षाला दोन घेतली तरी तुम्हाला नातवंडं झालेली असतील.

आपण दोन-तीन हंगाम म्हणालात. ते कुठून आलं असेल?

मूळाक्षर
ते १९९७ मधून आलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या दोन गटांनी एका पाठोपाठ एक निष्कर्ष छापले. एकाने किलोमागे ६०० मिलिग्रॅम शिसं असलेल्या मातीत मोहरी वाढवून ईडीटीए दिलं आणि पाल्यात दीड टक्का शिसं चढलं, म्हणजे १५,००० मिलिग्रॅम. दुसऱ्याने मका आणि वाटाण्यावर केलं, तिथे पाचशेच्या आतला आकडा दहा हजारांवर गेला. गोगलगायसाहेब, तुमच्या सूत्रात १५,००० घाला.

गणिती_गोगलगाय
घातले. चार पिकं! आता कळलं लोक का हुरळले.

मूळाक्षर
मीही हुरळलो होतो. पदव्युत्तर शिक्षणात माझा प्रकल्प याच विषयावर होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुंड्यांत दूषित माती भरली, मोहरी लावली. फुलोरा धरायच्या बेतात आल्यावर ईडीटीएचं द्रावण दिलं. किलोमागे पाच मिलिमोल, त्या काळी बहुतेक प्रयोगांत असायचं तेवढंच. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, पाचव्या दिवशी झाडांनी माना टाकल्या. हे अपेक्षित होतं. मुळांमध्ये नको ते अडवणारा एक थर असतो, ईडीटीए त्याला इजा करतं आणि त्या फटीतून शिसं वर जातं. म्हणजे झाड धातू पचवत नाही, मरता मरता तो त्याच्यात शिरतो. म्हणून रसायन आधी देता येत नाही. झाड पूर्ण वाढू द्यायचं, शेवटच्या आठवड्यात द्यायचं आणि कापून घ्यायचं.

पाल्याचा आकडा आला तेव्हा आम्ही खूश झालो. पण माझं लक्ष कुंडीखालच्या ताटलीकडे गेलं. इतर कुंड्यांच्या ताटल्यांत निचऱ्याचं पाणी स्वच्छ होतं, या कुंड्यांच्या ताटल्यांत कोऱ्या चहाच्या रंगाचं. लोह आणि सेंद्रिय पदार्थ सुटून खाली आले होते. ते पाणी तपासलं. पाल्यात जेवढं शिसं गेलं होतं त्याच्या कितीतरी पट ताटलीत होतं.

कुंडीखाली ताटली होती म्हणून ते मला दिसलं. शेताखाली ताटली नसते.

जुनी_विहीर
मूळाक्षर, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजोळची विहीर एका कारखान्याच्या सांडपाण्यामुळे बंद करावी लागली. त्यात ईडीटीए नव्हतं, पण खाली गेलेलं काही पुन्हा वर काढता येत नाही हे मी लहानपणापासून पाहिलंय. विहिरीवर फळी ठोकली तो दिवस मला अजून आठवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रसायन नकोच. नुसती झाडं लावा, वेळ लागला तर लागू द्या.

खडूफळा
विहीरताई, तुमची काळजी मनापासून पटते, पण बाराशे पिकांना वेळ लागणं म्हणत नाहीत. आणि ‘रसायन’ हा एकच डबा करू नका. मातीत घालायच्या गोष्टी दोन उलट जातीच्या असतात. एक धातूला सुटा करणाऱ्या: ईडीटीए, सायट्रिक आम्ल, आम्लता वाढवणारं गंधक. दुसऱ्या धातूला बांधून ठेवणाऱ्या: चुना, फॉस्फेट, लोहाचे ऑक्साइड, कंपोस्ट. पहिल्या जातीला विरोध करताना दुसरीवर अन्याय नको.

आता थोडं ईडीटीएबद्दल. सोडवण्याच्या कामात त्याला निवड करता येत नाही. तिहेरी भाराच्या लोहाशी त्याची मैत्री शिशापेक्षाही घट्ट आहे. कॅल्शियमशी बरीच कमी, पण मातीत कॅल्शियम इतकं असतं की तेही वाटा घेऊन जातं. गोगलगाय, चौरस मीटरला किती ईडीटीए लागेल आणि त्यातलं किती कामी येईल, काढता का?

गणिती_गोगलगाय
काढतो. २६० किलो मातीला किलोमागे पाच मिलिमोल म्हणजे १.३ मोल, वजनात ३८० ग्रॅम. एका हेक्टरला पावणेचार टनांहून जास्त! पाल्यात गेलेलं एक ग्रॅम शिसं म्हणजे ०.००४८ मोल. म्हणजे ओतलेल्या ईडीटीएपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी रेणू शिसं घेऊन झाडात पोचले. उरलेले साडेनव्याण्णव टक्के कुठे आहेत?

मूळाक्षर
मातीत, लोह, कॅल्शियम आणि शिसं धरून बसलेले. जंतू ईडीटीए फार हळू तोडतात, त्यामुळे ते महिनोन्महिने टिकतं आणि दर पावसाला थोडं थोडं खाली सरकतं. तुमच्या उरलेल्या साडेनव्याण्णव टक्क्यांचा पत्ता तो आहे.

पहाटवारा
मग लवकर विघटन होणारं काही नाही का? ईडीडीएस नावाचं वाचलं होतं.

मूळाक्षर
आहे. ईडीडीएसचा एस-एस प्रकार काही जिवाणू स्वतः तयार करतात आणि मातीतले जंतू त्याला काही आठवड्यांत संपवतात. तांबं आणि जस्त सोडवायला ते चांगलं आहे, शिशाला मात्र ईडीटीएपेक्षा कमी पडतं. सायट्रिक आम्ल आणखी लवकर संपतं, काही दिवसांतच. शिशाला त्याचा फारसा उपयोग नाही. युरेनियमच्या बाबतीत मात्र ते जोरदार ठरलं. १९९८ च्या प्रयोगात मोहरीच्या पाल्यातलं युरेनियम पाचाच्या आतून पाच हजारांवर गेलं होतं. कोणता धातू हे आधी सांगा, मग रसायन ठरवा, असा हा मामला आहे.

आर्सेनिकला तर यातलं काहीच जवळ करत नाही. ते मातीत ऋणभाराच्या रूपात असतं, चिलेटच्या नांग्या धनभार शोधतात. उलट ईडीटीए लोहाचे ऑक्साइड विरघळवतं आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं करतं.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो कुंडीतला नाही, शेतातला आहे. स्वित्झर्लंडमध्ये डोर्नाखला धातू कारखान्यामुळे दूषित झालेल्या जमिनीवर एनटीए हे चिलेट आणि गंधक वापरून पाहिलं. निष्कर्ष २००० साली आले. मातीतल्या विरघळणाऱ्या जस्त आणि कॅडमियमचं प्रमाण अनेक पटींनी वाढलं, पिकातलं वाढलं फक्त दोन-तीन पट. सुटलेलं सगळं झाडाकडे जाईल असं आपण गृहीत धरतो, पण झाडाच्या पिण्याला मर्यादा आहे. पावसाच्या पाण्याला नाही.

कोवळेऊन
थोडा विरोध नोंदवते. सगळे मिळून झाडांना नापास करताय, ते बरोबर नाही. शिशासाठी झाडं चालत नाहीत एवढंच सिद्ध झालंय. निकेलकडे बघा ना.

न्यू कॅलेडोनिया बेटावर पिकनॅन्ड्रा अ‍ॅक्युमिनाटा नावाचा वृक्ष आहे. सालीला चीर दिली की निळसर हिरवा चीक गळतो. तो चीक वाळवला तर त्यात सुमारे पाव हिस्सा निकेल! कुणी रसायन ओतलं नाही, झाड स्वतःहून साठवतं. इटलीतल्या अलिसम बर्टोलोनीमध्ये भरपूर निकेल असतं हे १९४८ मध्ये छापून आलं. १९७० च्या दशकात ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी अशा वनस्पतींसाठी हायपरअ‍ॅक्युम्युलेटर हे नाव रूढ केलं. आज अशा सातशेहून अधिक वनस्पती माहीत आहेत, त्यातल्या पाचशेहून जास्त निकेलच्या. अल्बानियात निकेलयुक्त जमिनीवर अलिसमचं पीक घेऊन हेक्टरी शंभर किलोच्या आसपास निकेल मिळवलंय. पाला जाळायचा, राखेतून धातू काढायचा. ही शेतीच आहे.

आणि गंमत म्हणजे इथे आम्लता वाढवून काम बिघडतं. जस्त-कॅडमियमला आम्ल माती सोयीची, अलिसम मात्र माती अल्कधर्मीकडे नेल्यावर जास्त निकेल घेतं. चेनी आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं तेव्हा पुस्तकी अंदाजाला धक्का बसला होता.

गणिती_गोगलगाय
कोवळेऊन, तुमच्यासाठी कॅडमियमचा हिशोब. नोक्काया नावाचं छोटंसं रोप आहे, पूर्वी त्याला थ्लास्पी म्हणत. मातीत किलोमागे ५ मिलिग्रॅमवरून ३ वर यायचं तर चौरस मीटरमागे ५२० मिलिग्रॅम कॅडमियम काढायचं. अर्धा किलो पाला, त्यात किलोमागे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दर पिकाला १५०. साडेतीन पिकं! शिशाचे आणि कॅडमियमचे आकडे शेजारी ठेवले की आपण सगळे कशावरून भांडतोय ते कळतं.

खडूफळा
अगदी बरोबर. आणि खऱ्या अर्थाने शिसं साठवणारी खात्रीची वनस्पती अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. जुन्या दाव्यांपैकी बऱ्याच ठिकाणी पानांवर बसलेली धूळच मोजली गेली होती.

शिसपेन्सिल
पारा राहिला की!

मूळाक्षर
पाऱ्यासाठी १९९६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात जिवाणूचं जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये घातलं गेलं. ते रोप पाऱ्याच्या क्षारांचं मूळ पाऱ्यात रूपांतर करतं आणि वाफ होऊन तो हवेत जातो. हवेत गेलेलं कुठे जातं हा प्रश्न तिथेही उरतोच. पाऱ्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

अंगणवेल
बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. मूळाक्षर, ती ताटली डोळ्यांसमोरून जात नाहीये. आमच्या परसात पाणी साडेचार मीटरवर लागतं. ईडीटीए बाद.

मग मी करू काय? खडूफळा म्हणतात त्या बांधून ठेवणाऱ्या गोष्टींबद्दल सांगाल का?

खडूफळा
नक्की. शिशासाठी त्यातली सगळ्यात अभ्यासलेली म्हणजे फॉस्फेट. शिसं, फॉस्फेट आणि क्लोराइड एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं. ते इतकं कमी विरघळतं की माती पोटात गेली तरी त्यातलं शिसं शरीरात कमी उतरतं. अमेरिकेत मिझुरीतल्या जॉप्लिनला फॉस्फोरिक आम्ल मातीत मिसळून मोठा प्रयोग झाला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये साउथ प्रेस्कॉट वस्तीतल्या अंगणांत माशांच्या हाडांची भुकटी मिसळली, हाडं म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच. एकूण शिशाचा आकडा बदलत नाही, त्याचा जाच कमी होतो. वरून दाट गवत राखायचं, धूळ उडायला नको. मोहरीसारखं दर हंगामात खणायची गरज नाही, हाही फायदा.

तेव्हा अंगणवेलताई, हाडांची भुकटी आणि गवत. माझं मत नोंदवून ठेवा.

नेचेवाला
थांबा, थांबा. भुकटी टाकायच्या आधी एक विचारतो. परसात जुनी फळझाडं किंवा त्यांचे बुंधे आहेत का?

अंगणवेल
आहेत की! कुंपणाच्या बाजूला चार-पाच जुने बुंधे आहेत. पूर्वी फळबाग होती म्हणे. का हो?

नेचेवाला
१८९० च्या दशकापासून डीडीटी येईपर्यंत, म्हणजे पन्नासेक वर्षं, बऱ्याच देशांत फळबागांवर लेड आर्सेनेट फवारत. नावातच दोन्ही आहेत, शिसं आणि आर्सेनिक. वापर कमी झाल्यावरही ते मातीत राहिलं. अमेरिकेत त्यावर अधिकृत बंदी आली ती १९८८ मध्ये.

आता रसायनशास्त्र पाहा. आर्सेनेट आणि फॉस्फेट हे जुळ्यांसारखे दिसतात, मातीतल्या त्याच जागांसाठी दोघं भांडतात. भरपूर फॉस्फेट टाकलं की ते त्या जागा बळकावतं आणि आर्सेनेट बाहेर ढकललं जातं. शिशाला बांधायला जाल आणि आर्सेनिक सोडाल. आगीतून फुफाट्यात.

माझ्या नावावरून ओळखलं असेलच. टेरिस व्हिटाटा हा नेचा आर्सेनिक पानांत साठवतो. फ्लोरिडातल्या तांबं-क्रोम-आर्सेनिकने मुरवलेल्या लाकडामुळे दूषित झालेल्या जागेवर तो आढळला आणि २००१ मध्ये जाहीर झालं. पानांत किलोमागे २२,००० मिलिग्रॅमच्या वर आर्सेनिक गेलेलं नोंदलंय. तो बहुवर्षायू आहे, पानं कापली की पुन्हा फुटतो, थोडी चुनखडीची माती त्याला आवडते आणि कडक थंडी सोसत नाही. मी तो आठ वर्षं वाढवतोय आणि त्याची पानं उलगडताना बघणं हा माझा सगळ्यात आवडता उद्योग आहे. पण तुमच्याकडे आर्सेनिक आहे का, हे आधी पाहा.

खडूफळा
नेचेवाले, मनापासून आभार. मी हे विचारायला हवं होतं. अंगणवेलताई, माझं मत तूर्त मागे घेतो. भुकटी आणू नका, आधी आर्सेनिक तपासा. मातीचा सामूही (पीएच) मोजून घ्या.

कोवळेऊन
एक निरीक्षण. तिचे आकडे भिंतीपाशी ६४०, मध्ये १८०, कुंपणापाशी ४० आहेत. बुंधे कुंपणापाशी आहेत. फवारणीमुळे असतं तर तिथे जास्त असायला हवं होतं ना? हे रंगाचंच वाटतं. तरी तपासावंच.

जुनी_विहीर
आणि मोहरी किंवा नेचा काहीही लावलं तरी कापलेला पाला कुठे टाकणार, हे कुणी बोललंच नाही. कंपोस्टात टाकला तर परत तिथेच. गुरांनी खाल्ला तर?

नेचेवाला
फार महत्त्वाचा मुद्दा. माझी कापलेली पानं मी झाकणाच्या डब्यात वाळवतो आणि घातक कचऱ्याबरोबर देतो. आर्सेनिकवाला पाला तर उघड्यावर अजिबात जाळू नये, धुरातून बाहेर पडतं.

मूळाक्षर
ईडीटीएवर टीका भरपूर केली, एक चांगली बाजू सांगायची राहिली. ते टाकीत वापरलं तर गुणी आहे. स्लोव्हेनियात मेझित्सा खोऱ्यात जुनी शिशाची खाण होती. तिथली माती खणून, टाकीत ईडीटीएने धुऊन, धुवणातून शिसं वेगळं काढून ईडीटीए परत वापरायचं, अशी पद्धत ल्युब्लियाना विद्यापीठातल्या डोमेन लेश्तान यांच्या गटाने बसवली. धुतलेली माती पुन्हा लागवडीला घेता येते. माझ्या कुंडीत जे चुकलं तेच इथे जमतं, कारण सगळं पाणी हातात राहतं. अर्थात हे घरच्या परसातलं काम नाही.

पहाटवारा
हा धागा जपून ठेवलाय.

अंगणवेल
चार आठवड्यांनी परत आलेय. क्षमस्व, अहवालाला वेळ लागला.

आर्सेनिक तिन्ही ठिकाणी ६ ते ८ मिलिग्रॅम. बुंध्यांपाशी मुद्दाम आणखी एक नमुना घेतला, तिथेही ७. सामू ७.२. कोवळेऊन, तुमचा अंदाज बरोबर ठरला. नेचेवाले, तुम्ही थांबवलंत म्हणून आता निर्धास्तपणे पुढे जाता येतंय.

लेकीच्या रक्ताचीही तपासणी केली. डेसिलिटरला १.९ मायक्रोग्रॅम. डॉक्टर म्हणाले सध्या ठीक, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. त्या रात्री मी नीट झोपले.

आता काय करू? मध्यावरच्या १८० बद्दलही सांगा.

खडूफळा
आधी लेकीच्या आकड्याबद्दल खूप बरं वाटलं. अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठी ३.५ ही संदर्भपातळी धरतात, लेकीचा आकडा त्याच्या खाली आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतालच्या मातीसाठी १९९४ पासून ४०० ची पातळी धरली होती, जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली. तुमचा मध्य त्याच्या जेमतेम आत आहे. तिथे कंपोस्ट आणि दाट गवत पुरे. पट्ट्यात मात्र कुणी खेळू नये. लहान मुलांच्या पोटात शिसं जातं ते मुख्यतः हाताला लागलेल्या मातीतून आणि घरात आलेल्या धुळीतून. म्हणून उंबऱ्यावर पायपुसणं, चपला बाहेर आणि आत कोरडा झाडू न मारता ओलं पुसणं, हे आजपासून.

गणिती_गोगलगाय
पट्टा वीस चौरस मीटरच आहे, तर वरची पंधरा सेंटिमीटर माती काढली तर किती? तीन घनमीटर, चार टनांच्या आतबाहेर. मोहरीची साठ पिकं की एकदाच चार टन?

मूळाक्षर
चार टन कुणी नियमाप्रमाणे घ्यायला तयार असेल तर काढाच. नसेल तर जागेवर झाका: मातीवर जाळीदार कापड, त्यावर वीस-पंचवीस सेंटिमीटर स्वच्छ माती आणि दाट झुडपं, म्हणजे तिथे पाय पडणार नाही. खाली हाडांची भुकटी मिसळायची असेल तर आता हरकत नाही, पण ७.२ सामूला पायरोमॉर्फाइट सावकाश बनतं, त्यामुळे मुख्य भरवसा झाकण्यावर ठेवा. लेकीसाठी कुंपणाच्या बाजूला वाळूचा हौद करा, ४० वाली जागा उत्तम आहे.

सूर्यमुखी
मी पहिल्याच दिवशी घाईने ‘नक्की करा’ लिहिलं होतं. ते मागे घेते. पण कुंपणाकडे सूर्यफुलं लावा, नुसती बघायला.

अंगणवेल
लावणार! लेकीनेच मागितलीत. पट्टा झाकून झुडपं लावायचं ठरलं, पुढच्या आठवड्यात माती येतेय.

जुनी_विहीर
अंगणवेल, माती यायच्या आधी एक विचारते. भिंतीवर तो जुना रंग अजून आहे का?

अंगणवेल
...आहे. खिडक्यांखाली पोपडे सुटलेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जुनी_विहीर
मग नवी माती थांबवा. आधी भिंत. कोरडं घासू नका, पॉलिशपेपर नको, आगीने जाळणं तर नकोच. खाली प्लास्टिक अंथरा, पाणी मारत मारत ओलं खरवडा, पोपडे रोजच्या रोज पिशवीत बांधा. काम करणाऱ्याला धुळीचा चांगला मुखवटा द्या आणि तेवढे दिवस लेकीला दुसरीकडे ठेवा. जिथे रंग घट्ट आहे तिथे खरवडू नका, वरून नवा थर द्या. मग माती टाका.

अंगणवेल
मातीवाल्यांना आत्ताच फोन करून महिनाभर थांबायला सांगितलं. भिंत झाली की इथेच कळवते.